मानेतील जादा बरगडी आणि उजव्या हाताचा बधिरपणा: मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतरही आराम नाही

प्रश्न
विचारणार: खडूफळा, सातारा जिल्हा

नमस्कार. मी ३८ वर्षांची असून एका माध्यमिक शाळेत गेली १४ वर्षे मराठी शिकवते. चार वर्षांपासून माझ्या उजव्या हाताला त्रास आहे आणि आता असे एक निदान समोर आले आहे, ज्याचे नावही मी कधी ऐकले नव्हते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावे.

सुरुवात फळ्यावर लिहिताना झाली. फळ्याच्या वरच्या भागात तारीख आणि पाठाचे नाव लिहून होईपर्यंत दंडाच्या आतल्या बाजूने कोपराच्या खालीपर्यंत ओढ लागल्यासारखे दुखू लागे आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट यांना मुंग्या येत. हात खाली घेतला की दोन-तीन मिनिटांत बरे वाटे, त्यामुळे वर्षभर मी तिकडे दुर्लक्ष केले. पुढे वेणी घालताना, दोरीवर कपडे वाळत टाकताना, एस.टी.त वरची दांडी धरून उभी असतानाही तसेच होऊ लागले. गेल्या दोन वर्षांत दुखणे तितकेच राहिले, पण हाताची ताकद कमी झाली. लिहिता लिहिता खडू निसटतो. ब्लाउजचे हूक लावणे, कुलपात किल्ली फिरवणे ही कामे मी आता डाव्या हाताने करते. तळहातावर अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो उजव्या हाताला जवळजवळ सपाट झाला आहे. दोन्ही हात शेजारी शेजारी धरले तर लहान मूलही फरक सांगेल.

पहिल्यांदा मानेचे मणके झिजल्याचे सांगून मला दोन महिने पट्टा लावला. नंतर दुसऱ्या ठिकाणी अंगठ्याचा उंचवटा पाहून मनगटात नस दबल्याचे, म्हणजे कार्पल टनेलचे निदान झाले आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये मनगटाची शस्त्रक्रिया झाली. जखम उत्तम भरली, त्रास मात्र होता तसाच राहिला. अंगठा बारीक झाला असताना बधिरपणा करंगळीच्या बाजूला का, हे मी त्या वेळी दोनदा विचारले होते; शस्त्रक्रियेनंतर सगळे सुटेल, एवढेच उत्तर मिळाले. त्या प्रश्नापाशी कोणी पाच मिनिटे थांबले असते तर माझे एक वर्ष वाया गेले नसते, असे मला राहून राहून वाटते.

आता नव्या मज्जाविकारतज्ज्ञांनी मानेचा एक्स-रे काढला. त्यात सातव्या मणक्याला दोन्ही बाजूंना जादा बरगडी दिसली. डावीकडची चांगली पाच-सहा सेंटिमीटर लांब आहे. उजवीकडे मात्र चोचीसारखे जेमतेम टोक आले आहे. हा एक्स-रे घेऊन मी एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले, तर त्यांचे म्हणणे असे पडले की मोठी बरगडी डावीकडे आणि त्रास उजवीकडे, म्हणजे बरगडीचा या दुखण्याशी संबंध नाही. त्यांचे म्हणणे मला तर्काला धरून वाटते, पण मग दुखते कशाने? उजवीकडच्या एवढ्याशा टोकाने हात निकामी होऊ शकतो का, पुन्हा शस्त्रक्रिया करावी का, आणि अंगठ्याचे गेलेले मांस परत येते का, हे कोणी अनुभवाने किंवा अभ्यासाने सांगू शकेल का?


उत्तर १
लिहिणार: भौतिकोपचारक, कोल्हापूर

ताई, तुमच्या वर्णनातील सगळ्या हालचाली हात खांद्याच्या वर नेण्याच्या आहेत, आणि मनगटात दबलेली नस सहसा असे वागत नाही. तिचा त्रास रात्री जास्त असतो. माणूस झोपेतून उठून हात झटकतो, आणि मुंग्या अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला येतात. मान आणि काख यांच्या मधल्या अरुंद वाटेत नसा दबण्याला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात आणि तुमचे दुखणे त्यात बसण्यासारखे आहे.

याची एक साधी चाचणी आम्ही करतो. रुग्णाला ताठ बसवून दोन्ही दंड खांद्याच्या रेषेत बाजूला धरायला लावतो, कोपरे काटकोनात वाकवतो आणि तीन मिनिटे मुठी सावकाश उघड-मीट करायला सांगतो. दुखऱ्या हाताला बऱ्याचदा मिनिटाभरातच जडपणा व मुंग्या येतात आणि रुग्ण हात खाली घेतो. मान वळवून मनगटाची नाडी बंद पडते का हे पाहण्याची जुनी ॲडसन चाचणीही आहे, पण तिच्यात पूर्ण निरोगी माणसांची नाडीसुद्धा क्षीण होते. त्यामुळे तेवढ्यावर कोणी निदान केले तर ते मान्य करू नये.

ज्यांना केवळ दुखणे व मुंग्या आहेत, त्यांच्यासाठी व्यायाम हाच पहिला उपाय आहे: पुढे झुकलेले खांदे मागे आणणे, छातीच्या वरच्या भागातील आवळलेले स्नायू सैल करणे, पोटाने श्वास घेण्याची सवय लावणे. वह्यांची जड पिशवी उजव्या खांद्याला अडकवू नका, हात डोक्याखाली घेऊन झोपू नका, आणि कोणी मानेला वजने लावून ताण देऊ म्हणाले तर सध्या नकार द्या. मात्र तुमच्या हाताचे स्नायू झडू लागले आहेत. अशा रुग्णाला केवळ व्यायामावर महिनोन्महिने ठेवणे मला स्वतःला योग्य वाटत नाही.


उत्तर २
लिहिणार: निवृत्त शरीररचना अध्यापक

आपला प्रश्न वाचून राहवले नाही, कारण लहान टोक निर्दोष आणि मोठी बरगडी दोषी, हा समज मी विद्यार्थ्यांच्या आणि कधी कधी सहकाऱ्यांच्याही तोंडून अनेक वर्षे ऐकला आहे. नसांच्या बाबतीत प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते, आणि ते का घडते हे समजण्यासाठी मानेच्या मुळाशी काय रचना आहे ते आधी पाहावे लागेल.

माणसाच्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्याही मानेत सातच असतात. त्यांना बरगड्या नसतात, बरगड्या छातीच्या पहिल्या मणक्यापासून सुरू होतात. मात्र दोनशेत एक ते शंभरात एक एवढ्या लोकांमध्ये मानेच्या सातव्या मणक्यालाही जन्मतःच बरगडी फुटलेली असते. हे प्रमाण स्त्रियांमध्ये अधिक आहे. ती कधी पूर्ण वाढून पहिल्या बरगडीला जाऊन मिळते, तर कधी तुमच्या उजव्या बाजूसारखी चोचीएवढीच राहते. बहुतेकांना ती आयुष्यभर काहीही त्रास देत नाही आणि छातीचा एक्स-रे दुसऱ्याच कारणासाठी काढला तेव्हा अचानक कळते.

हाताकडे जाणाऱ्या चेतातंतूंची मुळे पाच: मानेतील पाचवे, सहावे, सातवे, आठवे आणि छातीतील पहिले. ती मानेच्या बाजूला दोन स्नायूंच्या मधल्या त्रिकोणी फटीतून बाहेर पडतात. पुढे एक स्केलीन स्नायू, मागे दुसरा, आणि तळाशी पहिली बरगडी, अशी ही फट आहे. हाताची मुख्य धमनी याच फटीतून जाते; शीर, म्हणजे हातातील रक्त हृदयाकडे परत नेणारी वाहिनी, मात्र पुढच्या स्नायूच्याही पुढून जाते. वरची मुळे उतरत्या वाटेने हाताकडे येतात. छातीतील पहिल्या मुळाला मात्र आधी वर चढावे लागते, कारण ते पहिल्या बरगडीच्या खालून निघते. वर चढून ते आठव्या मुळाला मिळते आणि दोघांचा मिळून झालेला खालचा जुडगा पहिल्या बरगडीच्या अंगावरून दंडाकडे वळतो. वाडग्याच्या काठावरून दोरी ओढून घ्यावी, तशी त्याची स्थिती निरोगी माणसातही असते.

बरगडी अपुरी राहिली की तिच्या टोकापासून पहिल्या बरगडीपर्यंत पुष्कळदा एक तंतुमय पट्टा ताणलेला असतो. तो हाडाचा नसल्यामुळे एक्स-रेमध्ये दिसत नाही. चोचीसारखे टोक हीच त्याची खूण. खालचा जुडगा या पट्ट्यावरून वळसा घेऊन जातो, आणि पट्ट्याची कड धारदार व ताठ असल्यामुळे हात प्रत्येक वेळी उचलला की छातीतील पहिल्या मुळाचे तंतू तिच्यावर घासले व ताणले जातात. पूर्ण वाढलेली लांब बरगडी मुख्यतः धमनीला वर उचलून दाबते. म्हणूनच लांब बरगडी असलेल्यांमध्ये रक्तवाहिनीचा आणि आखूड टोक असलेल्यांमध्ये नसांचा धोका अधिक, असे सर्वसाधारणपणे आढळते. हा अटळ नियम नाही, पण तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी काढलेला निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही.

आता तुमच्या त्या प्रश्नाकडे येतो, जो तुम्ही दोनदा विचारलात आणि ज्याचे उत्तर मिळाले नाही. अंगठ्याच्या उंचवट्यातील स्नायूंना मनगटातून जाणारी मीडियन नस चालवते हे खरे, परंतु त्या स्नायूंचे तंतू मुळात येतात ते प्रामुख्याने छातीतील पहिल्या मुळाकडून. उलट, त्याच नसेतून जाणारी अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाची संवेदना वरच्या मुळांकडून येते. करंगळीची आणि हाताच्या आतल्या बाजूची संवेदना पुन्हा खालच्या जुडग्याचीच. म्हणून खालचा जुडगा दाबला गेला की अंगठ्याचे मांस झडते, पण अंगठा बधिर होत नाही. बधिर होते ती करंगळी आणि मनगटापासून कोपरापर्यंतची आतली बाजू. मनगटात नस दबली असती तर असे घडलेच नसते. लंडनच्या रॉजर गिलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली मानेतील बरगडी किंवा पट्टा असलेल्या रुग्णांच्या हातांचे हे चित्र नेमकेपणाने मांडले, आणि अशा हाताला आजही गिलियट-समनर हात म्हणतात. हा खरा, स्नायू झडवणारा प्रकार फार विरळा आहे, दहा लाखांत एक असा अंदाज ग्रंथांत दिला जातो. त्यामुळे अनेक चांगल्या डॉक्टरांनी तो आयुष्यात पाहिलेलाही नसतो आणि मनगटाची शस्त्रक्रिया आधी होऊन जाते.

यासाठी दोन गोष्टी करा. एक घरीच करता येईल. डोळे मिटून बसा, घरातील कोणालातरी कापसाच्या बारीक वातीने दोन्ही हातांना आतल्या बाजूने करंगळीच्या टोकापासून कोपरापर्यंत हलकेच स्पर्श करायला सांगा आणि जेथे स्पर्श कमी जाणवेल तेथे बॉलपेनने रेघ काढून घ्या. कोपरात नस दबली असेल तर बधिरपणा मनगटाच्या आसपास संपतो. मानेच्या मुळाशी दबली असेल तर तो मनगट ओलांडून वर चढतो. दुसरी गोष्ट, नसांची तपासणी पुन्हा करा आणि त्या वेळी हाताच्या आतल्या बाजूची त्वचेची नस, जिला मीडियल अँटेब्रॅकियल म्हणतात, ती दोन्ही बाजूंना तपासून तुलना करावी असा आग्रह धरा. नेहमीच्या तपासणीत ती पुष्कळदा घेतली जात नाही, आणि या दुखण्यात सर्वांत आधी तीच बोलते.

इतर शक्यताही खोडून काढायला हव्यात आणि यात चालढकल नको. फुप्फुसाच्या शेंड्यावरील गाठ याच खालच्या जुडग्याला धरते, म्हणून छातीचा वरचा भाग नीट पाहिलेला असावा; विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांमध्ये, किंवा त्याच बाजूची पापणी खाली आली असेल तर. आपल्याकडे कुष्ठरोगाचा विचार कधीही सोडू नये: त्यात कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागते, त्वचेवर बधिर चट्टा असू शकतो, आणि त्याचे औषध सरकारी आरोग्यकेंद्रात विनामूल्य मिळते. तरुण मुलांमध्ये हात बारीक होतो पण बधिरपणा मुळीच नसतो, तेव्हा मान पुढे वाकवून एमआरआय काढावा लागतो, कारण तो हिरायामा नावाचा वेगळा आजार असू शकतो. तुमच्या वयात आणि तुमच्या लक्षणांत तो बसत नाही.


खडूफळा यांचा प्रतिसाद

सर, तुमचे उत्तर मी तीन वेळा वाचले. एवढ्या वर्षांत माझा हात मला पहिल्यांदा समजला, हे मी मनापासून लिहीत आहे.

रात्रीच मुलीकडून कापसाची चाचणी करून घेतली. रेघ करंगळीपासून निघाली ती मनगटावर थांबली नाही; कोपराच्या चार बोटे अलीकडेपर्यंत गेली. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट दोन्ही हातांना सारखेच होते. मुलगी घाबरली, पण मला उलट हायसे वाटले.

पुढच्या आठवड्यात तज्ज्ञांना ती रेघ दाखवली आणि नसांची तपासणी पुन्हा झाली. तुम्ही सांगितलेली आतल्या बाजूची नस डावीकडे व्यवस्थित आहे, उजवीकडे तिचा प्रतिसाद जवळजवळ मिळालाच नाही. मीडियन नसेचा स्नायूंकडे जाणारा भाग फार कमी, पण तिची संवेदना पूर्ण चांगली आली. करंगळीची संवेदना कमी आली. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, कोपराची नस जाड नाही आणि त्वचेवर चट्टे नाहीत. तज्ज्ञांनी खांद्याकडच्या नसांच्या जाळ्याचा वेगळा एमआरआय सांगितला होता. त्यात खालचा जुडगा उजव्या टोकाच्या जागी वर उचलल्यासारखा वळलेला दिसतो. त्यांनी आता शस्त्रक्रियेचा सल्ला दिला आहे. मानेतून करायची शस्त्रक्रिया म्हटल्यावर घरच्यांची झोप उडाली आहे. कोणी ती करून घेतली असल्यास कृपया लिहावे.


उत्तर ३
लिहिणार: नागपूरकर, बँक कर्मचारी

ताई, माझी हीच शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी झाली. माझे वय तेव्हा ४१ होते, बाजू डावी होती, आणि मीही त्याआधी दोन वर्षे मानेच्या मणक्यांचे औषध खात होतो.

छेद हासळीच्या हाडाच्या किंचित वर, आडवा, साधारण चार बोटे रुंद होता. पुढचा स्केलीन स्नायू सोडवून नसा बाजूला घेतल्या आणि मागचा पट्टा व हाडाचे टोक काढून टाकले. पहिली बरगडी काढावी लागली नाही. ते आत पाहिल्यावरच ठरेल, असे शल्यविशारदांनी आधी सांगितले होते. त्यांनी मला नंतर छायाचित्र दाखवले. पट्टा पांढरा आणि ताणून बांधलेल्या सुतळीसारखा होता, आणि त्याच्यावर नसांचा जुडगा जेथे टेकला होता, तेथे तो चपटा होऊन रंगाने फिका पडला होता. ते छायाचित्र पाहून माझ्या पत्नीला रडू आले, कारण दुखणे मनाचे आहे असे नातेवाइकांनी मला अनेकदा ऐकवले होते.

धोके कोणी लपवून ठेवू नयेत असे मला वाटते, म्हणून लिहितो. त्याच जागेतून श्वासपटलाची नस जाते. माझी ती ताणली गेली होती आणि जिना चढताना तीन महिने धाप लागत असे, मग आपोआप बरे झाले. फुप्फुसाचा वरचा पडदा अगदी जवळ असतो, त्याला भोक पडून छातीत हवा जाऊ शकते. डाव्या बाजूला लसिकेची, म्हणजे शरीरातील पांढुरका द्रव रक्तात परत नेणारी, मोठी नळीही असते, तुमची बाजू उजवी असल्याने तो धोका कमी आहे. म्हणून ज्या शल्यविशारदांनी ही विशिष्ट शस्त्रक्रिया नियमित केली आहे त्यांच्याकडेच जावे, आणि आजवर अशा किती केल्या, हे विचारताना संकोच करू नये. मी विचारले होते आणि त्यांनी शांतपणे उत्तर दिले.

फायद्याचे सांगायचे तर रात्रीचे दुखणे पंधरवड्यात गेले. मुंग्या वर्षभरात हळूहळू कमी झाल्या. अंगठ्याचे मांस परत आले नाही. सहा वर्षांनंतरही तो भाग सपाटच आहे. पण त्यानंतर हात आणखी बारीक झाला नाही, आणि नोटा मोजण्याची पकड जेथे थांबली होती तेथून थोडी पुढेच आली.


खडूफळा यांचा प्रतिसाद

दादा, मांस परत येणार नाही हे वाचून थोडे वाईट वाटले, तरी कोणीतरी खरे सांगितले याचे समाधान जास्त आहे. दिवाळीच्या सुट्टीतील तारीख मी घेतली आहे. अध्यापक सरांना एक शेवटचा प्रश्न आहे: डाव्या बाजूची ती पाच-सहा सेंटिमीटरची बरगडी पुढे त्रास देईल म्हणून आताच तीही काढून टाकावी का? घरचे म्हणतात, एकदाच काय ते उरकून घ्या.


निवृत्त शरीररचना अध्यापक यांचे उत्तर

नाही, काढू नये. जी बरगडी ३८ वर्षे गप्प आहे, तिच्यासाठी निरोगी हाताच्या नसांना हात लावण्याचे काहीही कारण नाही. मानेतील बरगडी पहिल्यांदा यशस्वीपणे काढली गेली ती १८६१ साली, लंडनमध्ये होम्स कूट यांच्या हातून, आणि तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता. त्यांनी ती काढली कारण रुग्णाला तिचा त्रास होता. ती अट आजही तशीच आहे.

मात्र लांब बरगडी आहे, म्हणून डाव्या हाताच्या धमनीची एकदा डॉपलर तपासणी, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी, करून घ्या आणि दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून तुलना करा. बरगडीने दाबलेल्या धमनीचा पुढचा भाग काही जणांमध्ये फुगतो, त्यात रक्ताची गुठळी होते आणि तिचे कण बोटांपर्यंत जातात. डाव्या हाताचे एखादे बोट एकाएकी पांढरे, गार किंवा काळसर झाले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जावे. तसेच कोणताही हात अचानक पूर्ण सुजून निळसर झाला, तर ती शीर बंद झाल्याची खूण असते आणि तेथेही घाई करावी लागते.

तपासणीत धमनी चांगली आली तर डावीकडचा विषय तेथेच सोडा. आणि उजव्या हाताने दिवाळीपर्यंत फळ्याच्या वरच्या भागात लिहू नका. तारीख लिहायला वर्गातील एखाद्या उंच मुलीला बोलवा.